पहिली दोन अक्षरं

"आमच्याकडून गेलंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही. वाक्य काही नवं नव्हतं. आठवड्यातून दोनतीनदा खालच्या चौकशीच्या खिडकीवरचा कारकून फोन करायचा, अमक्याला पत्र मिळालं नाही म्हणे, जरा बघता का. मग ती पडद्यावर त्या पत्राची ओळ शोधायची, ओळीच्या शेवटी 'छापलं' असा शब्द असायचा, आणि ती म्हणायची, आमच्याकडून गेलंय. पुढचं टपालवाले बघतील. पत्ता बदलला असेल, शेजाऱ्यांनी घेऊन ठेवलं असेल, माणसं विसरतात. रुग्णालय मोठं होतं, दिवसाकाठी हजारो कागद तिच्या हाताखालून जायचे आणि एकालाही तिचा हात लागायचा नाही. आज कारकून म्हणाला होता, "तीन पत्रं आहेत हो. तिन्ही आली नाहीत म्हणतात. पेशंटला गैरहजर म्हणून यादीतून काढलंय. त्यांची सून आलीय, हलायलाच तयार नाही." तिन्ही ओळींपुढं 'छापलं' होतं. तिनं तसं सांगितलं, कारकुनानं मागं वळून ते पुढं सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता त्याच्यामागून एका बाईचा आवाज तिच्या कानावर पडला: "मग काय मी खाल्ली ती?" आवाज भांडणाचा नव्हता. भांडणारे आवाज तिला पाठ होते, ते एका कानानं घेऊन दुसऱ्यानं सोडता येत. ही बाई खरंच विचारत होती. कुणीतरी तिला सांगावं, की बाई गं, तू नाही खाल्लीस, एवढ्यासाठी विचारल्यासारखं.

चौथ्या मजल्यावरची तिची खोली अरुंद होती, दोन टेबलं, एक चाचणीचं छोटं छपाईयंत्र, आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या इमारतीच्या पाठीवरचे पाइप दिसत. ती पुन्हा सकाळच्या कामाकडे वळली. रक्त तपासणाऱ्यांकडे नवं यंत्र आलं होतं, त्याचे अहवाल कसे ओळखायचे ते यादीत घालायचं होतं. छपाईच्या यंत्राला मजकूर कळत नाही. आलेली फाइल साधं पत्र आहे, की एक्स-रेचं चित्र, की पानं लावून आलेला अहवाल, हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं. मग ज्याचा जो रस्ता त्या रस्त्यानं ती जाते. हे सांगणारी यादी गेली एकोणीस वर्षं ती लिहीत आली होती. एकेक ओळ म्हणजे एकेक नियम: फाइलीच्या तोंडाशी अमुक अक्षरं दिसली तर ती अमुक जातीची. नव्यानं कामावर येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "नावावर जाऊ नका, नावाला कुणीही काहीही शेपूट लावतं. तोंड बघा. पहिली दोनचार अक्षरं खोटं बोलत नाहीत." शितावरून भाताची परीक्षा करायची आणि पुढं व्हायचं, भात चिवडत बसायला वेळ कुणाला आहे. हा गुण नुसत्या फाइलींपुरता राहिला नव्हता, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. फोनवर माणसानं 'अं' म्हटलं की याला रजा हवीय की याचं यंत्र अडलंय ते ती ओळखायची. नवरा चारचौघांत म्हणायचा, "हिच्याशी बोलताना पहिलं वाक्य तेवढं नीट बोलावं, पुढची मी भिंतीला सांगतो." सगळे हसायचे, तीही हसायची. आज रक्ताच्या अहवालाचं तोंड बघता बघता तिच्या लक्षात आलं, की त्या बाईच्या वाक्याची जात तिला ठरवता येत नाहीये. मग काय मी खाल्ली ती. तक्रार म्हणावी तर तक्रार नाही. रडणं नाही, टोमणा नाही. अशी फाइल आली की तिचं यंत्र काय करतं? ओळखता आली नाही असं सांगतं आणि परत पाठवतं. तेवढा प्रामाणिकपणा तरी ते दाखवतं.

अर्ध्या तासानं दार वाजलं. चाळिशीची बाई होती, पिशवी पोटाशी धरलेली, चार जिने चढून आल्यानं धाप लागलेली.

"छपाईचं तुम्हीच बघता ना?"

"बघते. पण चौकशी खाली असते."

"खालचेच म्हणाले वर जा. म्हणाले नाहीत खरं तर, मीच विचारून घेतलं." ती दारातच उभी होती. "मॅडम, मला तक्रार करायची नाहीये. मला फक्त लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"पत्रं गेली नाहीत असं. नाहीतर गेली असतील तर कधी, कुणाच्या हातात दिली, ते. काहीतरी लिहिलेलं पाहिजे मला."

तिनं स्टूल पुढं केलं. बाई बसली, पण टेकून बसली नाही. सासरे घड्याळं दुरुस्त करतात, म्हणजे करायचे, असं तिनं सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू. दाब वाढत चाललाय, छोटं ऑपरेशन करावं लागेल, तारीख पत्रानं कळवू, असं दीड वर्षापूर्वी इथल्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासरे रोज दुपारी विचारायचे, टपाल आलं का. विचारता विचारता डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं तेवढंच मधलं दिसतं. शेवटी घाबरून इथं घेऊन आले तर इथले म्हणाले, तीन तारखा दिल्या, तुम्ही तिन्ही वेळा आला नाहीत, आम्ही काय करणार. "आणि तिथनं निघाल्यापासून मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. टपालपेटीची किल्ली माझ्याकडे असते ना. एकच किल्ली आहे."

"पण तुम्ही कशाला..."

"तेच तर. मी कशाला?" बाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "गेल्या वर्षी मी एकदा म्हटलं होतं, बाहेरच्या खोलीतलं तुमचं टेबल आत घेऊ या का, पोरीला अभ्यासाला जागा होईल. एवढंच म्हटलं होतं. त्यांच्या डोक्यात बसलं, की हिला माझं टेबल नकोय, माझं काम नकोय. आता माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. स्वतः ओतून घेतात, अर्धं बाहेर सांडतं. पुसायला गेले तर म्हणतात, राहू दे. आमचे हे म्हणतात, तू लक्ष देऊ नकोस. लक्ष देऊ नको म्हणतात, पण तू केलं नसणार असं काही म्हणत नाहीत."

ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची बोटं सवयीनं त्या तीन ओळींतल्या पहिलीवर गेली होती. बाईचं समाधान म्हणून एकदा काढून दाखवावं, तारीख घालून कागद हातात द्यावा, म्हणजे निदान पत्र निघालं होतं एवढं तरी दिसेल. जुन्या पत्रांच्या फायली ठेवलेल्या असत. तिनं ती उघडून बघितली: तोंडाशी आद्याक्षरं, आडनाव, खाली पत्ता, खाली 'आपणास कळविण्यात येते की'. सगळं जागच्या जागी. तिनं ती चाचणीच्या यंत्राकडे पाठवली. यंत्र जागं झालं, कागद आत ओढला गेला, आणि गरम होऊन बाहेर आला. कोरा. तिनं तो उलटा केला. तोही कोरा. पडद्यावर ओळ आली, शेवटी शब्द होता: छापलं. तिनं दुसरं पत्र पाठवलं. कोरं. तिसरं पाठवण्याचं कारण उरलं नव्हतं, तरी पाठवलं. तीन कोरे कागद टेबलावर एकावर एक पडले, आणि स्टुलावरची बाई त्यांच्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. "काय झालं?" बाईनं विचारलं. तिला उत्तर येत होतं. ते फार लवकर आलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "उद्यापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "पत्रं गेली नाहीत. एवढं आत्ताच सांगते. तुमच्यापर्यंत आलीच नाहीत." बाईनं मान हलवली, रडली नाही, हसली नाही. "लिहून द्याल ना पण?" एवढंच म्हणाली आणि पत्ता सांगून गेली.

नियम सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एक्स-रेच्या एका जुन्या यंत्राची चित्रं दोन ठराविक अक्षरांनी सुरू व्हायची, म्हणून तिनंच ओळ घातली होती: तोंडाशी ही दोन अक्षरं दिसली तर ते चित्र समजावं. दोनच अक्षरांवर नियम बेतू नये, पुढची आणखी चार तपासावीत, हे तिला तेव्हाही कळत होतं. वर तिनं त्या नियमाला इतर सगळ्या नियमांच्या पुढं उभं केलं होतं, कारण त्या दिवशी एक्स-रेवाले डोक्यावर बसले होते. ओळीशेजारी तिच्याच हातचा शेरा होता, 'तात्पुरतं', पुढं तारीख आणि तिची सही म्हणून आद्याक्षरं. तारीख आठ वर्षांपूर्वीची. सहा वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण पत्रांच्या तोंडाशी तेव्हा रुग्णालयाचं नाव असायचं. दोन वर्षांपूर्वी आतला पत्ता बाहेरून दिसणारी खिडकीची पाकिटं आली, पत्ता वर सरकला, आणि पत्रं माणसाच्या आद्याक्षरांनी सुरू व्हायला लागली. या घड्याळवाल्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव मिळून नेमकी तीच दोन अक्षरं. यंत्र म्हणालं, हे चित्र. चित्र म्हणून बघितलं तर आत काही दिसेना. मग एक कोरं पान काढलं आणि काम झालं म्हणून कळवलं. पत्ता नसलेलं पान पाकिटात जात नाही, ते बाजूच्या खोक्यात पडतं. ती तळमजल्यावर गेली. पाकिटं भरणारे काका तिथं तीस वर्षं होते. "कोरी पानं?" ते म्हणाले. "निघतात की अधूनमधून. मी टाकत नाही हं, चांगला कागद असतो. वह्या शिवतो त्याच्या. तुमच्या टेबलावर नाही का, मीच दिलेली?" होती. ती त्या वहीवर गेले कित्येक महिने फोन नंबर, आकडे, रंगवलेले चौकोन काढत आली होती. कुणाच्या तरी तारखा होत्या त्या.

त्या आठ वर्षांपूर्वीच्या दुपारी ताई आली होती. हे तिला तारीख वाचल्याबरोबर आठवलं होतं, पण एवढा वेळ तिनं ते दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं. ताई याच स्टुलावर बसली होती. ताईचं बोलणं नेहमी घरातल्या मोडतोडीपासून सुरू व्हायचं: नळ गळतोय, दाराची कडी निसटलीय, वरचे लोक आदळआपट करतात. त्या दिवशीही ती म्हणाली, "अगं, भिंतीला ओल आलीय," आणि तिनं ओळखलं, हं, ओल, म्हणजे पाऊण तास. "पाच मिनिटं हं ताई," असं म्हणून ती पडद्याकडे वळली होती. मागं ताई बोलत होती, मध्ये थांबत होती, ती हं हं म्हणत होती, एक्स-रेवाल्यांचा फोन दोनदा आला, नियम लिहून झाला, एक चित्र छापून बघितलं, बरोबर आलं, आणि ती वळली तेव्हा स्टूल रिकामं होतं. तिला हायसं वाटलं होतं. लपवण्यात काय अर्थ, हायसंच वाटलं होतं. महिन्याभरानं ताई दूरच्या शहरात राहायला गेली. भाऊजींचं आणि तिचं फिसकटलं होतं, ती एकटीच गेली. दोनेक वर्षांनी मावसबहिणीकडून कळलं, की त्या दुपारी ताई हिच्याकडे आली होती ती चार दिवस तुझ्याकडे राहू का विचारायला. "पण म्हणाली, ती कामात होती." भांडण असं काही झालं नाही. वाढदिवसाला फोन येतो, तब्येतीची विचारपूस होते, ताई छान हसते. भिंती, नळ, कड्या यांच्याबद्दल ती आता काही बोलत नाही. त्या दुपारी ओलीच्या पुढं ताई काय काय बोलली होती, ते आठवायचा ती प्रयत्न करू लागली. एक शब्द आठवेना. आवाज आठवत होता, त्याचे चढउतार आठवत होते, मजकूर मात्र पुसलेला नव्हता, तो कधी उमटलाच नव्हता.

संध्याकाळपर्यंत तिनं त्या नियमाखाली अडकलेल्या सगळ्या पत्रांची यादी काढली. नऊ माणसं, एकतीस पत्रं. त्यांतल्या दोघांच्या नावापुढं नोंद बंद केल्याची खूण होती. त्यांचं काय झालं ते विचारायला तिनं नोंदणीत फोन लावला. एक गाव सोडून गेला होता. एक बाई वारल्या होत्या, कारण दुसरंच होतं, असं पलीकडून सांगितलं गेलं. "नक्की दुसरंच ना?" तिनं विचारलं. "इथं तसं लिहिलंय," पलीकडचा म्हणाला. लिहिलंय. ती यादी घेऊन साहेबांकडे गेली. साहेब भले गृहस्थ होते, निवृत्तीला वर्ष उरलेलं, कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नसेल. त्यांनी यादी दोनदा वाचली.

"नियम बदललात?"

"बदलला."

"मग राहिलेल्या सगळ्यांना उद्याच तारखा देऊ. त्या घड्याळवाल्यांना सगळ्यात आधी. उजवा डोळा वाचेल, मी स्वतः डॉक्टरांशी बोलतो."

"आणि त्यांच्या सुनेला लिहून द्यायचंय."

साहेबांनी चष्मा काढला. "लेखी कशाला? लेखी म्हटलं की वकील येतात. माणसाचं काम झाल्याशी कारण."

"तिचं काम ते नाहीये, साहेब."

"हे तुमच्या अंगाशी येईल."

"ओळीपुढं माझीच आद्याक्षरं आहेत. आधीच अंगाशी आहे."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "रुग्णालयाच्या कागदावर नको. तुमच्या नावानं काय लिहायचं ते लिहा. मी वाचलं नाही. आणि चौकशी बसली तर मी काही मध्ये पडू शकणार नाही, सांगून ठेवतो." ती बरं म्हणाली.

पत्र लिहायला मात्र फार त्रास झाला. एकोणीस वर्षांत तिनं इतरांची लाखो पत्रं पाठवली होती, आणि स्वतःच्या नावानं एक लिहायचं तर हात चालेना. पहिली ओळ लिहायची आणि खोडायची. शेवटी चौदा ओळी झाल्या. तिसऱ्यांदा वाचताना तिला दुसरीच गोष्ट सुचली आणि ती चपापली: हे पत्र वाचून दाखवणार कोण? सासऱ्यांना अक्षर लागत नाही. सून वाचून दाखवणार, की सुनेचा दोष नाही. म्हातारा म्हणेल, वाच वाच, तूच लिहिलंस, तूच वाच.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, बाहेरची खोली लहान, खिडकीशी टेबल, टेबलावर वाकवलेला दिवा आणि कापडाखाली झाकलेली अवजारं. घड्याळवाले ताठ बसले होते. तिला नळीच्या टप्प्यात आणायला त्यांनी मान दोनदा इकडेतिकडे हलवली आणि मग ती सापडल्यावर तशीच धरून ठेवली. सून आतल्या दारात उभी होती. त्यांनी बसा म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. बसल्यावरही तिनं पर्समधलं पत्र काढलं नाही. सगळं तोंडानंच सांगितलं, यादी, नियम, एक्स-रेची चित्रं, खिडकीची पाकिटं, कोरी पानं. मध्येच आपण शिकवल्यासारखं बोलतोय असं वाटून थांबली, पण ते म्हणाले, "थांबू नका, कळतंय मला." बिघाड कुठं आहे ते शोधणाऱ्या माणसासारखे ते ऐकत होते.

"किती अक्षरं बघायचं तुमचं यंत्र?"

"दोन. तुमच्या नावाचं एक आणि तुमच्या वडिलांच्या नावाचं एक."

"आणि नियम केला कुणी?"

"मी."

"छापून बघितलं नव्हतं?"

"चित्र छापून बघितलं. पत्र नाही बघितलं. नंतर यंत्र काम झालं म्हणत राहिलं, मी मानत राहिले."

"घड्याळ चालू आहे म्हणजे वेळ बरोबर आहे असं नसतं, बाई," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. डाव्या डोळ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. उजव्याची तारीख तिनं सांगितली, ती त्यांनी पुन्हा म्हणून पाठ केली. आतला नळ मघाशी चालू होता, तो कधी बंद झाला ते तिला कळलं नव्हतं.

"दोन अक्षरांवरून," ते अखेर म्हणाले. मान खाली गेली, नळीतून आता बहुधा त्यांना स्वतःचे हात दिसत असावेत. "तुम्ही दोन तरी बघितलीत."

पुढं ते काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. ते तिच्याशी बोललेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून, घसा दोनदा खाकरून, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का गं?"

"ऐकलं," आतून आवाज आला.

"यांना चहा टाक." आणि मग, अवजड काही उचलल्यासारखं, "मलाही दे."

चहा झाला. कुणी फारसं बोललं नाही. म्हाताऱ्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता, आणि सून तो रिकामा होईपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती उठली, निरोप घेतला, एक जिना उतरली, तेव्हा वरून पावलं वाजली.

"मॅडम, पत्र?"

"ते बोलले ना आत तुमच्याशी," ती म्हणाली. "आता लागेल का?"

"आज बोलले," सून म्हणाली. "कागद द्या."

तिनं पर्समधून पाकीट काढून दिलं. तिला वाटलं होतं, बाई ते घेईल आणि वर जाईल. बाईनं तिथंच पायरीवर उभं राहून ते उघडलं आणि वाचायला लागली, हळू, ओठ हलवत, एकेका ओळीखाली बोट धरून. खालून कुणीतरी सामान घेऊन वर आलं, दोघी भिंतीला चिकटल्या, ते माणूस गेलं, बाईचं बोट होतं त्याच ओळीवर राहिलं. निघते म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. ती थांबली. नवव्या ओळीवर बोट थांबलं.

"इथं 'नजरचुकीनं' लिहिलंय."

"हो."

"हा शब्द नको."

तिनं कागद परत घेतला, जिन्याच्या भिंतीवर धरला आणि तो शब्द आडवा खोडला. भिंत खडबडीत होती, रेघ वाकडी आली. वर लिहिलं, 'मी तपासून न पाहिल्यामुळे'. शेजारी सही केली, आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव. कागद सुनेच्या हातात दिला. सुनेनं तो घेतला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.